मेरी स्लेसर : पाहुणचार घ्यायला शिकलेली बाई

मैत्रिणींनो, आपल्या ‘नको’ची एक गंमत असते. कुणाच्या घरी गेलो की पहिला शब्द तोच. चहा नको, आत्ताच घेतला. जेवण नको, घरी सगळं करून ठेवलंय. यजमानीण बिचारी आग्रह करकरून थकते आणि आपण मात्र कुणाला त्रास दिला नाही म्हणून मनातल्या मनात खूश! आमच्या मावशी आयुष्यभर गावाला वाढत राहिल्या. पण आजारपणात शेजारणीनं डबा आणला तर तो रिकामा परत द्यायचा नाही म्हणून तापातून उठून लाडू वळायला बसल्या. त्यांना तसं बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की घेणं हेही काम अवघडच असतं. देणाऱ्याचा हात वर असतो ना, घेणाऱ्याचा खाली!

आज ज्या बाईची गोष्ट सांगायची आहे ती लोकांना काहीतरी द्यायला म्हणूनच परदेशी गेली होती. औषध द्यायला, शाळा द्यायला, स्वतःचा धर्म सांगायला. आणि तिथं गेल्यावर आधी घ्यायला शिकली. तिचं नाव मेरी स्लेसर. स्कॉटलंडची गिरणी कामगार, आफ्रिकेतली मिशनरी. तिकडे शाळकरी पोरींनाही हे नाव माहीत असतं. १९९७ साली स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेनं दहा पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं. आपल्याकडे मुंबईच्या विल्सन कॉलेजमुळे जॉन विल्सन ठाऊक असतात, तेही स्कॉटलंडचेच. पण ही मेरी मात्र आपल्या फारशी ओळखीची नाही.

तिचा जन्म २ डिसेंबर १८४८ चा, ॲबर्डीन शहरातला. सात भावंडांतली दुसरी. वडील चांभारकाम करायचे, आई विणकर. वडिलांना दारूचं व्यसन. घर पार खालावलं तेव्हा १८५९ मध्ये मंडळी डंडी गावात आली. डंडी म्हणजे गिरण्यांचं गाव. आपल्या बंगालचा ताग बोटीत भरून तिकडेच जायचा. अकरा वर्षांची मेरी बॅक्स्टर बंधूंच्या गिरणीत लागली. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. चौदाव्या वर्षी पुरी कामगार. पहाटे उठून घरचं आवरायचं, सकाळी सहाला मागावर उभं राहायचं ते संध्याकाळी सहालाच सुटायचं. मागावर पुस्तक टेकवून धागा सांभाळत सांभाळत ती वाचायची.

शनिवारची रात्र त्या घरात वाईट. पगाराचे पैसे गुत्त्यात घालून वडील यायचे. मायलेकींनी स्वतःच्या तोंडचा घास काढून त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवलेलं असायचं. ते कधी कधी सरळ चुलीत फेकलं जायचं. कधी तर पोरीलाच घराबाहेर काढलं जायचं आणि ती अंधारात रस्त्यावर रडत उभी राहायची. पैसे अगदीच संपले की एखादी वस्तू गुंडाळून तीच गहाण टाकायला जायची, कुणी बघू नये म्हणून घाईघाईनं. घरातलं शेजारीपाजारी कळू द्यायचं नाही, कुणाचं देणं ठेवायचं नाही, हा आईचा आणि तिचा न बोललेला करार होता.

मला वाटतं, तिचा सगळा स्वभाव इथंच घडला. अशा घरातली मुलगी कुणापुढे हात पसरत नाही. ती कमावते, वाढते, सांभाळते. घेताना मात्र तिचा जीव आक्रसतो. तुमच्या ओळखीतही अशी एखादी असेलच.

आई चर्चला नेमानं जायची. तिथं आफ्रिकेतल्या कॅलाबारच्या गोष्टी कानावर पडायच्या. तिथं १८४६ पासून स्कॉटिश मिशन होतं. १८७४ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन गेल्याची बातमी आली आणि मेरीनं मनाशी ठरवलं. मिशननं तिला घेतलं, वर्षाला साठ पौंड पगार ठरला. ५ ऑगस्ट १८७६ ला लिव्हरपूलहून ‘इथिओपिया’ नावाची बोट निघाली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. बोटीवर आफ्रिकेत विकायची दारूची पिंपं चढत होती. एवढी पिंपं आणि मिशनरी मोजून एक! बापाच्या दारूतून बाहेर पडलेली पोर त्याच दारूसोबत प्रवासाला निघाली होती.

कॅलाबार म्हणजे आजच्या नायजेरियाचा आग्नेय कोपरा, कॅमेरूनच्या शेजारचा. नद्या, खाड्या, खारफुटी आणि पामच्या तेलाचा मोठा व्यापार. लोक एफिक. मिशनचा बंगला ड्यूक टाउनच्या टेकडीवर होता. वेळेवर जेवणं, वेळेवर चहा, सगळं अगदी टापटीप. मेरी मात्र खालच्या गावात रमायची आणि जेवणाची घंटा चुकवायची. मिशनच्या करड्या अँडरसन बाईंनी बजावलं, उशीर केलास तर जेवण नाही. तिनं उशीर केला आणि उपाशीच खोलीत गेली. मग अँडरसनसाहेब गुपचूप बिस्किटं आणि केळी घेऊन तिच्या दाराशी! बाईंनाही ते ठाऊक होतं म्हणे. आपल्याकडची सासूबाई रागावलेली आणि सासरे हळूच खाऊ आणून देतात, तसाच प्रकार.

भाषा ती झपाट्यानं शिकली. तिची जीभ आपल्यातलीच आहे असं एफिक लोक म्हणायला लागले. पण हिवतापानं पिळून काढलं आणि १८७९ मध्ये तिला घरी परतावं लागलं. १८८० मध्ये पुन्हा आली ती एक मागणी घेऊन, मला बंगल्यात नको, एकटीला ओल्ड टाउनला राहू द्या. तिथं मातीच्या घरात राहून ती गावकऱ्यांचं जेवण जेवायला लागली. रताळ्यासारखे मोठे याम कंद, भाजीची केळी, पामचं तेल. त्यामागचं कारण अगदी घरगुती होतं. पगारातला मोठा भाग आई आणि बहिणींना घरी जायचा. विलायती डब्यातलं अन्न परवडायचंच नाही. सहकाऱ्यांना तिनं हे कळू दिलं नाही. पैशांच्या ओढाताणीनं तिला शेजारणींच्या चुलीपाशी नेऊन बसवलं, आणि त्यांना मात्र वाटलं, ही गोरी बाई आपलं अन्न आवडीनं खाते. पुढे ते खरंही झालं.

आता त्या पहिल्या मोठ्या पाहुणचाराकडे येऊ. ओल्ड टाउनला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नदीच्या खालच्या अंगाला, तीसेक मैलांवर ओकॉन नावाच्या सरदाराचं गाव होतं. तो कधीचा बोलावत होता. ती आपली साध्या होडीत निघणार होती. पण क्रीक टाउनचा राजा एयो याला ते पटलं नाही. परक्या मुलखात ती कुणी अनोळखी बाई म्हणून नाही, आमची आई म्हणून जाईल, असं म्हणत त्यानं आपली रंगवलेली राजहोडी पाठवली. वर चटयांचा आडोसा, टेकायला तांदळाच्या गोणी, वल्ही मारायला तीसेक गडी. साधेपणाचं व्रत घेतलेल्या बाईला या थाटात बसायचं जिवावर आलं असणार! पण ती बसली. रात्रभर नगारा वाजत होता, नावाडी तिच्यावरच रचलेलं गाणं म्हणत होते आणि पोरं तिच्या अंगाला लागून झोपली होती.

इथं एक सांगायला हवं. राजाची होडी नाकारून ती साधेपणानं गेली असती तर राजाचाच मान कमी झाला असता. आणि जिथं पोचायचं तिथं तिला कुणी मोजलंही नसतं. तिचा साधेपणा तिच्यापुरता ठीक होता. राजाच्या अंगणात तो उर्मटपणा ठरला असता.

ओकॉननं तिला स्वतःच्या वाड्यातली खोली दिली. म्हणजे बायकांच्या चौकातली. दार असं काही नव्हतंच. बघायला अख्खं गाव लोटलं. सरदाराच्या बायका चांगल्याच अंगापिंडानं भरलेल्या. तिकडे लग्नाआधी मुलींना मुद्दाम कोंडून, खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करायची रीत होती. जाडी म्हणजे घराण्याची श्रीमंती. आणि मानाच्या पाहुणीला अगदी खेटून बसायचं, हा त्यांचा शिष्टाचार. जितकं जवळ तितका मान! त्या उकाड्यात, घामाच्या धारांत, रात्रीसुद्धा त्या तिच्या अंगाला लागून. वर छपरात उंदरांची पळापळ. मेरीला झोप कसली लागते? पण तिनं कुणाला सरकायला सांगितलं नाही. दिवसा ती औषधं द्यायची, जखमा बांधायची, कपडे बेतून शिवायला शिकवायची. रात्री मात्र ती त्यांची होती. जवळजवळ पंधरा दिवस हे चाललं.

याच मुक्कामात एक कठीण प्रसंग आला. ओकॉनच्या दोन कोवळ्या बायका, सोळाएक वर्षांच्या, रात्री चौकातून निसटून एका तरुणाच्या अंगणात गेल्या. गुन्हा मोठा. शंभर शंभर फटक्यांची शिक्षा ठरली, त्यांच्यासोबतच्या आणखी दोघींनाही. शंभर फटके म्हणजे जवळपास मरणच. ओकॉननं मेरीला सांगितलं, रीत मोडली तर गाव ऐकणार नाही. पण तू म्हणतेस तर सभा बोलावतो. सभा भरली. मेरी आधी बोलली ती त्या मुलींना. आम्ही पाहुणे तुमच्या चौकात राहत असताना तुम्ही धन्याचा विश्वास मोडलात, घराला लाज आणलीत, असं तिनं सगळ्यांदेखत सुनावलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग ती वळली त्यांच्याकडे. एका पुरुषानं इतक्या कोवळ्या पोरींना बायका करून चार भिंतींत कोंडायचं, आणि वर त्यांनाच मारायचं, हा तुमचाच दोष आहे म्हणाली. गदारोळ झाला. शेवटी शंभराचे दहा फटके झाले. जखमेवर मीठ चोळणं टळलं. दहा फटकेही पडलेच. त्या किंकाळ्या ऐकत मेरी आत पट्ट्या आणि अफूच्या अर्काचं औषध तयार करत बसली होती.

कुणी म्हणेल, सगळीच शिक्षा का नाही थांबवली? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या घरात तिला बोलायला तोंड होतं ते बंदूक किंवा सरकार पाठीशी होतं म्हणून नव्हे. ती त्यांच्या चुलीचं खात होती, त्यांच्या बायकांच्या अंगाला लागून झोपत होती. त्या नात्यातून जेवढं सुटलं तेवढं तिनं सोडवलं.

१८८६ हे साल तिला फार जड गेलं. काही महिन्यांच्या अंतरानं आई गेली, बहीण जेनी गेली. दुसरी बहीण सूझन आधीच गेली होती. स्कॉटलंडमध्ये आता तिची वाट बघणारं, पैसे पाठवावेत असं कुणी उरलं नाही. तोवर इकडे मात्र तिची लेकरं वाढत चालली होती. जुळी मुलं म्हणजे भुताचा वास, अशी तिथली समजूत होती. जुळी झाली की ती मारायची, नाहीतर रानात टाकायची; आईलाही घराबाहेर काढायची. अशी टाकलेली मुलं मेरी उचलून आणायची. पहिल्या काही मुलांतली जेनी, बहिणीचंच नाव दिलेली, जन्मभर तिच्यासोबत राहिली.

१८८८ मध्ये ती ओकोयाँग मुलखात जायला निघाली. कॅलाबारच्या लोकांचं आणि ओकोयाँगांचं हाडवैर. मिशनच्या पुरुषांना त्यांनी आधी परत पाठवलं होतं. जूनमध्ये ती एकटी गेली, पुन्हा राजा एयोच्याच होडीतून. या खेपेला गालिचा होता, उशा होत्या, पडदे होते. एकेंगे गावचा सरदार एडेम आणि इफाको गावचे लोक तिला जागा द्यायला तयार झाले. याच सुमारास लिहिलेल्या एका पत्रात तिनं अशा मुक्कामातल्या अंथरुणाचं वर्णन केलंय. काटक्या आडव्या-उभ्या टाकलेल्या, वर मक्याची टरफलं, शेजारी तीन बायका आणि तीन दिवसांचं बाळ, बाहेर शेळ्या-मेंढ्या आणि गुरं. झोप आली नाही हे ती कबूल करते. तक्रारीचा सूर मात्र नाही, थोडं हसूच आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती कायमची राहायला गेली तेव्हा धो धो पाऊस. पाच मुलं सोबत, एक कडेवर. नदीपासून गाव चार मैल, वाट रानातली. मुलं भिजून, भुकेनं रडत चाललेली. कशीबशी अंधारात एकेंगेला पोचली तर गाव ओस! इफाकोच्या सरदाराची आई वारली होती आणि अख्खं गाव तिकडे मयताला, म्हणजे पिण्याच्या कार्यक्रमाला गेलेलं. आग्रहानं बोलावलेली पाहुणी दारात आणि यजमानच नाहीत. मागे राहिलेल्या एकदोघांनी विस्तव आणि पाणी आणून दिलं. तिनं मुलांना भरवलं, झोपवलं. सामान नदीवरच पडलेलं, हमाल थकून होडीत झोपलेले. ती तशीच अनवाणी, एकटी, रानातून परत नदीवर गेली आणि त्यांना उठवून सामान आणवलं.

विस्तव आणि पाणी. बस्स, एवढाच तिचा पहिला पाहुणचार. पण त्याचा राग धरून ती परत गेली नाही, हेही पाहुणीचंच वागणं म्हणायचं.

घर होईपर्यंत ती एडेमच्या वाड्यातच राहिली, बायकांच्या चौकात, एका लहानशा मातीच्या खोलीत. पाच बायका, त्यांच्या दासी, पोरं, कोंबड्या, शेळ्या, दिवसरात्र भांडणं. ज्या बाईनं एकटीला राहू द्या म्हणून मिशनकडे हट्ट धरला होता, तिला एकांत कसला तो नाही. प्रार्थनेला जरा निवांत कोपरा मिळेना. आणि याच घरात तिला आयुष्यातली सगळ्यात मोठी मैत्रीण मिळाली. एडेमची विधवा बहीण, मा एमे. ‘मा’ म्हणजे तिकडे मानाची बाई, आई. मेरीलाही सगळे माच म्हणायचे. तर या दोन मा!

मा एमे अंगानं थोराड, मनानं शांत. चौकातली भांडणं ती मिटवायची. मेरीला ताप आला, तिचं खायचं राहिलं, पोरं रडायला लागली की सगळं एमे बघायची. लहानपणापासून दुसऱ्यांना वाढणाऱ्या मेरीला कुणीतरी वाढत होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, एमे तिला बातमी द्यायची. गावात कुणाच्या मरणाचा संशय दासांवर आला, विषारी बी खायला लावून खरंखोटं करायचं ठरलं, कुठे हाणामारी होणार असली, की एमेचा माणूस रिकामी औषधाची बाटली घेऊन मेरीकडे यायचा. औषध भरून द्या, एवढाच निरोप. बघणाऱ्याला वाटायचं, बाई आजारी आहे. मेरी समजायची, आज रात्री कपडे न उतरवता झोपायचं. हे उघडं पडलं असतं तर आपल्याच लोकांशी दगा केला म्हणून एमेचा जीव गेला असता. एमेनं धर्म बदलला नाही, शेवटपर्यंत आपल्या देवांचीच राहिली. आणि मेरीनं तिचं गुपित सांभाळलं. प्रचाराला गेलेल्या बाईची जिवाभावाची सखी तिचा धर्म न घेतलेली निघाली, हे मला त्या दोघींच्याही मोठेपणाचं वाटतं.

१८८९ मध्ये चार्ल्स ओव्हन्स नावाचा सुतार आला आणि दारं-खिडक्यांचं घर उभं राहिलं. मधे एक तरुण मिशनरी शिक्षक, चार्ल्स मॉरिसन, याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याला ओकोयाँगला पाठवायला मिशननं नकार दिला. ती ओकोयाँग सोडायला तयार नव्हती. लग्न मोडलं, आणि तिनं त्याचा फार बाऊ केला नाही. १८९२ मध्ये इंग्रज सरकारनं तिला तिथल्या न्यायनिवाड्याचे अधिकार दिले.

१८९० च्या दशकात मेरी किंग्सले ही इंग्रज प्रवासी लेखिका तिच्याकडे पाहुणी आली. आता मेरी यजमानीण. किंग्सलेच्या १८९७ च्या प्रवासाच्या पुस्तकात त्या दिवसाची हकीकत आहे. एका दासीला जुळं झालं होतं. लोकांनी तिला हाकललं, तिचं सामानसुमान फोडलं, जिनच्या बाटल्यांच्या खोक्यात दोन्ही मुलं कोंबून ते तिच्या डोक्यावर दिलं. मेरी धावत गेली. जुळ्यांची आई ज्या वाटेवरून जाते ती वाट विटाळते, अशी तिथली समजूत. मग बाजाराची ती वाट लोकांना टाकावी लागली असती. मेरी त्या मुलांना वाचवायला निघाली होती, ती समजूत तिला साफ खोटी वाटत होती, तरीही ती रणरणत्या उन्हात ताटकळत उभी राहिली. आपल्या घरापर्यंत रानातून नवी वाट तोडून घेतली आणि तिथून त्या बाईला आणलं. त्यातला मुलगा दगावला, मुलगी जगली.

बघा ना, मुलं मारायची रीत तिनं जन्मभर मोडली. पण लोकांची बाजाराची वाट मोडली नाही.

१८९६ मध्ये बाजारपेठ सरकली तशी मेरी अकपापला राहायला गेली आणि मागोमाग देवीची साथ आली. एकेंगेत घरंच्या घरं बसली. मेरी परत तिथं गेली आणि आपल्या जुन्या घराचं इस्पितळ केलं. जे चालू शकत होते ते पळाले होते. मदतीला कुणी नाही. मग एडेम आजारी पडला. आठ वर्षांपूर्वी ज्यानं आपल्या चौकात तिला खोली दिली होती तो एडेम. दोघांचे तंटे कमी झाले नव्हते; दारूच्या नशेत तो हातघाईवर यायचा, ती त्याच्यावर ओरडायची. आता तो तिच्या घरात, तिच्या हातचं पाणी पीत पडला होता. तिनं खूप झुंज दिली. तो मध्यरात्री गेला.

पेटी करायला माणूस नव्हता. तिनं स्वतः फळ्या जोडून पेटी केली. खड्डा खणायला माणूस नव्हता. तिनंच खणला. त्याला ओढत नेऊन, पेटीत ठेवून, एकटीनं मूठमाती दिली. मग अंधारातून चालत अकपापला आली आणि कोसळली. सकाळी ओव्हन्स आणि त्याचा सोबती भेटायला आले, तेव्हा तिची अवस्था बघून काहीतरी भयंकर घडलंय हे त्यांना कळलं. एकेंगेला जाऊन बघितलं तर घर प्रेतांनी भरलेलं.

यजमानाची शेवटची सेवा पाहुणीनं केली. यावर आणखी काय लिहायचं!

पुढची वर्षं नदीच्या वरच्या अंगाला इटू, आरोचुकू भागात गेली. अंग थकलं, सांधे धरले, ताप तर पाचवीलाच पुजलेला. आता तिला नवं शिकायचं होतं, गोऱ्या माणसांकडून घ्यायला. आफ्रिकेतल्या शेजारणीचं ती सहज घेऊ लागली होती, पण स्वतःच्या देशाच्या मैत्रिणींनी काही पाठवलं की ते भराभर वाटून टाकायची. एका सरकारी साहेबानं सायकल दिली. पन्नाशी ओलांडलेली ही बाई ती चालवायला शिकली. मग स्कॉटलंडच्या बायकांनी माणसांनी ओढायची हलकी गाडी पाठवली. चालवत नाही म्हटल्यावर ती तीत बसली, आणि त्यामुळे लांबच्या गावांना पोचता आलं म्हणून खूश झाली.

१९१२ मध्ये एका मैत्रिणीनं हट्टच धरला. खर्च माझा, तू कॅनरी बेटांवर जाऊन विश्रांती घे. मेरीनं खूप ‘नको नको’ केलं. एवढ्या पैशांत किती काय होईल, हा हिशेब चालूच. अखेर गेली, लेक जेनीला घेऊन. आयुष्यातली पहिली खरीखुरी सुट्टी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. बोटीवर, हॉटेलात लोक तिचं हवं नको बघत होते आणि ती बघू देत होती. परत आली ती ताजीतवानी होऊन.

१३ जानेवारी १९१५ ला पहाटे यूसे गावी, मातीच्या घरात ती गेली. सांभाळलेल्या मुली उशापायथ्याशी होत्या. लाँचमधून तिला नदीनं खाली ड्यूक टाउनला आणलं आणि मिशनच्या टेकडीवर पुरलं. पुढे थडग्यावर उभारायला मोठा क्रूस आणला, तो ॲबर्डीनच्या ग्रॅनाइटचा. ती जन्मली त्या गावचा दगड बोटीनं तिच्या या घरी आला.